खून अकराव्या प्रकरणात होतो, मग पुढची एकवीस कशाला?

एमिल झोलाची 'तेरेज राकँ' ही कादंबरी पहिल्यांदा वाचणारे बरेच जण अर्ध्यावर येऊन कुरकुरतात. प्रकरणं एकूण ३२. बायको आणि तिचा प्रियकर मिळून नवऱ्याला नदीत बुडवतात ते ११व्या प्रकरणात. त्यानंतर पोलीस मागावर येत नाहीत, कुणी साक्षीदार उगवत नाही, खटला उभा राहत नाही. तरी निम्म्याहून जास्त पुस्तक शिल्लक असतं. रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकाला वाटतं, लेखकाने पत्ते फार लवकर उघड केले. आता उरलेल्या २१ प्रकरणांत सांगायला राहिलं काय?

झोलाला जे सांगायचं होतं ते त्या २१ प्रकरणांतच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या फ्रेंच निसर्गवादी (म्हणजे माणसाकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणाऱ्या) कादंबरीत वासना, मत्सर, सूड, खुनाची ऊर्मी यांची रेलचेल असते, त्यामुळे तिला भडक म्हणायची पद्धत पडून गेली. प्रत्यक्ष वाचताना अस्वस्थ करतो तो लेखकाचा थंडपणा. खून करणाऱ्याला तो शिव्या घालत नाही आणि त्याची कीवही करत नाही. त्याच्या लेखी आवेग म्हणजे देहात घडणारा एक बदल. त्याला कारणं असतात, वाढायला जागा आणि वेळ लागतो, आणि एका टप्प्यावर तो विझूनही जातो. गुन्हा ही या सगळ्याच्या मधली एक पायरी. पुस्तक हातात घेताना हा हिशेब माहीत असला, की कुरकुर बरीच कमी होते. तो कसा चालतो ते इथे झोलाच्याच दोन कादंबऱ्यांवरून पाहू: १८६७ची 'तेरेज राकँ' आणि १८९०ची 'ला बेत युमेन', म्हणजे माणसातलं जनावर.

(दोन्ही कथानकं शेवटापर्यंत सांगितली आहेत. शेवट कळला म्हणून या पुस्तकांचं फारसं बिघडत नाही.)

रक्त, मज्जा आणि कोंदट बोळ

'तेरेज राकँ' आली तेव्हा झोला सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्यावर पगडा होता इपोलित तेन या विचारवंताचा. सद्गुण आणि दुर्गुण हे साखर किंवा गंधकाम्लासारखे तयार होणारे पदार्थ आहेत, अशा आशयाचं तेनचं वाक्य झोलाने या पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलं. जोडीला होती वैद्यकातली जुनी समजूत: माणसांचे रक्तप्रधान, मज्जाप्रधान (म्हणजे मज्जासंस्थेचा जोर असलेले) असे प्रकार असतात. आपल्याकडे वातप्रकृती-पित्तप्रकृती म्हणतात, त्याच धर्तीची. तेरेज मज्जाप्रधान. तिचा प्रियकर लोराँ रक्तप्रधान: बैलासारखी मान, भरपूर भूक, गाढ झोप, डोक्याला ताप नको. या दोन प्रकृती एकत्र आणायच्या आणि काय होतं ते टिपायचं, एवढीच कादंबरीची मांडणी.

आता जागा. पॅरिसमधल्या रू माझारीन आणि रू द सेन या रस्त्यांना जोडणारा पासाज द्यू पाँ-नफ नावाचा झाकलेला बोळ. झोला त्याचं मापच देतो: लांबी तीस पावलं, रुंदी फार तर दोन. वर मळाने काळी झालेली काच, खाली ओल धरलेल्या फरश्या. या बोळात मादाम राकँचं सुई-दोरा, कॉलर, मोजे विकायचं दुकान आणि वरच्या मजल्यावर घर. मुलगा कामीय जन्मापासून आजारी. भाची तेरेज दोन वर्षांची असताना या घरात आली आणि धडधाकट असूनही आजारी कामीयच्या बिछान्यात, त्याचीच औषधं पीत वाढली. पुढे त्याच्याशीच तिचं लग्न लावून दिलं. दर गुरुवारी संध्याकाळी ठरलेली मंडळी येतात, चहा होतो, डोमिनोचा डाव होतो आणि अकराला सगळे उठतात. येणाऱ्यांत एक निवृत्त पोलीस कमिशनर आहे आणि पोलीस खात्यात नोकरी करणारा त्याचा मुलगाही.

सांत-बव हा त्या काळचा मोठा समीक्षक. १८६८मध्ये त्याने झोलाला पत्र लिहून कळवलं, की तो बोळ आपल्या पाहण्यातला आहे, ओबडधोबड आणि रटाळ आहे खरा, पण तुम्ही रंगवलात तसा भेसूर मुळीच नाही. तक्रार बरोबर होती. झोलाने दिवा मुद्दाम मंद केला आहे, कारण तेरेजच्या देहात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं जे काही आहे, ते साठवायला तेवढंच बंद भांडं लागतं. पुढे १९१२च्या सुमारास तो बोळ पाडून तिथे रू जाक-कालो हा रस्ता झाला. त्यामुळे आज पॅरिसला जाऊन खातरजमा करायची सोय नाही.

खुनाचा विचार येतो कुठून, हे नीट पाहण्यासारखं आहे. लोराँ आणि कामीय एकाच रेल्वे कंपनीच्या कचेरीत कामाला आहेत. लोराँ दुपारी काही तरी निमित्त काढून कचेरीतून सटकतो आणि मागच्या जिन्याने तेरेजच्या खोलीत येतो. काही महिने हे बिनबोभाट चालतं. मग एके दिवशी साहेब दम देतो: आता पुन्हा बाहेर जायचं नाही, गेलास तर नोकरी जाईल. भेटी बंद पडतात आणि कामीय नसता तर बरं, हा विचार तिथून रुजतो. मोठा द्वेष नाही, सूडाची शपथ नाही. रजा मिळेना, एवढंच. त्यातच एका गुरुवारी कमिशनरसाहेब गप्पांच्या ओघात सांगून टाकतात, की कित्येक खुनी कधीच सापडत नाहीत. लोराँ ऐकत असतो.

पुढे सेंत-उआँला रविवारची सहल, जेवण तयार होईपर्यंत सेन नदीत नावेतून फेरफटका. कामीयला पाण्याची भीती वाटते. लोराँ त्याला उचलतो तेव्हा तो धडपडून लोराँच्या मानेला चावतो. तो बुडाल्यावर लोराँ नाव उलटी करतो, तेरेजला धरून मदतीसाठी ओरडतो, दुसऱ्या नावेतले लोक दोघांना वाचवतात. अपघाताचे साक्षीदार आपोआप तयार. बातमी घेऊन लोराँ जातो तो थेट त्या निवृत्त कमिशनरकडेच, आणि सरकारी सोपस्कार तो सज्जन माणूस स्वतःच उरकून देतो.

मानेवरचा चावा

रूढ कथेत यानंतर मनाची टोचणी सुरू झाली असती. झोला टोचणीला मनात शिरूच देत नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट म्हटलं आहे: आपण स्वभाव अभ्यासले नाहीत, प्रकृती अभ्यासल्या, या दोघांना आत्मा नाही, ज्याला पश्चात्ताप म्हणावं लागतं तो इथे निव्वळ मज्जासंस्थेतला बिघाड आहे. शल्यविशारद मेलेल्या देहावर जे काम करतात ते आपण दोन जिवंत देहांवर केलं, असा त्याचा दावा.

तो बिघाड झोला तपशिलात दाखवतो. प्रेत मिळेपर्यंत लोराँ रोज कामावर जाताना शवागारात डोकावतो. पॅरिसचं शवागार तेव्हा लोकांना खुलं असे: काचेपलीकडे ओळीने प्रेतं, बघायला फुकट, त्यामुळे मजूर, कामावर निघालेल्या पोरी, टारगट मुलं अशी गर्दी व्हायची. (हा प्रकार १९०७मध्ये बंद झाला.) अखेर एका सकाळी कामीय तिथे दिसतो, फुगलेला, हिरवट. लोराँला हायसं वाटतं. पण ते चित्र डोळ्यांत बसतं. गंमत अशी, की पूर्वी लोराँनेच हौसेने कामीयची तसबीर काढली होती आणि कसब तोकडं असल्याने चेहऱ्याला बुडालेल्या माणसासारखा हिरवा रंग चढला होता. ती तसबीर तेरेजच्या खोलीत टांगलेली आहे.

वर्ष-दीड वर्ष उलटून जातं. या काळात दोघं एकमेकांना टाळतात. ज्या ओढीपायी खून केला ती ओसरलेली असते, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. मग रात्री भास होऊ लागतात. दोघांनाही वाटतं, लग्न झालं की सोबत होईल आणि भीती जाईल. तेरेज खंगल्याचं सोंग आणते आणि गुरुवारची मंडळी आपणहून सुचवतात, की हिचं लोराँशी लग्न लावून द्या.

लग्नाच्या दिवशी लोराँची ताठ कॉलर मानेवर घासत राहते. चाव्याचा व्रण तिथे आहे, चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर, दिवसभर तो टोचत राहतो. रात्री खोलीत शेकोटी पेटलेली, फुलं ठेवलेली. दोघं शेकोटीच्या दोन बाजूंना बसतात आणि हवापाण्याच्या गोष्टी करायचा प्रयत्न करतात. जमत नाही. लोराँ तिला व्रणावर ओठ टेकायला सांगतो, तिथे तिने चुंबन घेतलं तर जळजळ थांबेल अशी त्याची समजूत. ती हिसडा देते. तेवढ्यात अंधारात त्याला कामीयचा चेहरा दिसतो. भास नव्हे, ती भिंतीवरची तसबीर. ती काढून ठेव म्हणून तेरेज विनवते, पण हात लावायची हिंमत त्यालाही होत नाही. दार खरवडल्याचा आवाज येतो, ते घरातलं मांजर निघतं. पहाट होईपर्यंत दोघं खुर्चीत बसून असतात.

हे प्रकरण (२१वं) सावकाश वाचावं. कादंबरीची सगळी रीत त्यात सापडते. घाबरवणारी प्रत्येक वस्तू साधी आणि आधीच घरात आलेली आहे: कॉलर, तसबीर, मांजर. नवं काही आणलेलं नाही. आणि ज्या दोघांना एकमेकांशिवाय राहवत नव्हतं त्यांना आता एकमेकांचा स्पर्श नकोसा होतो, कारण स्पर्श झाला की तिसरा मध्ये येतो.

यानंतरची गुरुवारची एक संध्याकाळही तितकीच तोलामोलाची. मादाम राकँला पक्षाघात होतो, वाचा जाते. आणि ती अशी अडकून पडल्यावर या दोघांच्या भांडणातून तिला खून कळतो. एका गुरुवारी ती सगळं बळ एकवटून हात टेबलावर आणते आणि मेणकापडावर बोटाने अक्षरं गिरवते: 'तेरेज आणि लोराँ यांनी...' बोट थांबतं. पाहुण्यांतला ग्रिवे नावाचा वृद्ध कारकून छातीठोकपणे वाक्य पुरं करतो: '...माझी फार चांगली काळजी घेतली!' सगळे माना डोलावतात. टेबलाशी पोलीस खात्यातली दोन माणसं बसलेली आहेत.

शेवटी लोराँ विषाची बाटली आणतो, तेरेज सुरी लपवते. दोघांना एकमेकांचा बेत एकाच क्षणी कळतो आणि दोघं मिळून विष घेतात. म्हातारी जवळजवळ बारा तास त्या प्रेतांकडे बघत राहते.

गणित कुठे चुकतं

१८६८च्या जानेवारीत 'फिगारो' या वृत्तपत्रामध्ये लुई उल्बाक या पत्रकाराने टोपणनावाने लिहून अशा पुस्तकांना सडकं साहित्य ठरवलं. झोलाची ती प्रसिद्ध प्रस्तावना या हल्ल्याला दिलेलं उत्तर आहे. त्यामुळे ती वाचताना बचावाचा सूर धरून वाचावी. तिच्यातला थंड शास्त्रज्ञ पुस्तकात सतत टिकत नाही. आत्मा नाही म्हणणाऱ्या लेखकाने बिछान्यात ओलं प्रेत आणून झोपवलं आहे, आणि ती पानं भयकथेच्या जातीची आहेत. वाईट नाहीत, पण प्रयोगशाळेत त्यांना जागा नाही.

दुसरी अडचण पाल्हाळाची. २२व्या प्रकरणापासून भांडण, भीती, मारहाण, पुन्हा भांडण हे चक्र गरजेपेक्षा जास्त वेळा फिरतं. तिथे थकवा आला तर दोष वाचकाचा नाही. तिसरी अडचण जास्त गंभीर. तेरेजची आई अल्जीरियातली, ओरानची. आणि तेरेजमधली आग झोला त्या आफ्रिकी रक्ताच्या खात्यावर टाकतो. ही त्या काळच्या फ्रान्सची वसाहती समजूत आहे, निरीक्षण नव्हे. त्याने जे खरोखर पाहिलं आणि मांडलं, म्हणजे निरोगी पोरीला आजाऱ्याच्या बिछान्यात वाढवणं, ते तेरेज समजायला पुरेसं होतं. रक्ताचा हिशेब काढून टाकला तरी कादंबरीची एक वीटही हलत नाही.

हीच कसोटी झोलाला सगळीकडे लावता येते: त्याचा सिद्धांत बाजूला ठेवला तर घटना उभी राहते का? बहुतेक वेळा राहते, आणि जास्त ताठ राहते. १८८०मध्ये त्याने शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांच्या प्रायोगिक वैद्यकाचा आधार घेऊन कादंबरीकार हा प्रयोग करणारा शास्त्रज्ञ असतो, असा मोठा लेख लिहिला. त्यातली गोची उघड आहे. प्रयोगशाळेत निकाल काय लागेल हे करणाऱ्याच्या हातात नसतं. कादंबरीत तो लेखकाच्याच लेखणीत असतो.

रुळांवरचे पाच आवेग

'ला बेत युमेन' ही रुगाँ-माकार या वीस कादंबऱ्यांच्या मालिकेतली सतरावी. एकाच घराण्याच्या पिढ्यांमधून आनुवंशिक दोष कसा झिरपतो हे मालिकेचं सूत्र. नायक जाक लांतिए इंजिन ड्रायव्हर आहे, दारूच्या पायी मातीला मिळालेल्या जर्वेजचा मुलगा. १८७८मध्ये झोलाने घराण्याचा वंशवृक्ष छापला त्यात हा जाक नव्हताच. खुनी व्हायचा होता त्याचा भाऊ एत्येन. पण तो मधल्या काळात मालिकेतल्याच 'जर्मिनाल' या कादंबरीमध्ये खाणकामगारांचा पुढारी होऊन बसला, मग झोलाने जर्वेजच्या पदरी आणखी एक मुलगा घातला. आनुवंशिकतेचा नियम अटळ म्हणून सांगणारा लेखक सोयीसाठी वंशवृक्षात अशी फांदी जोडतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

रेल्वेचा तपशील मात्र पक्का आहे. झोलाचं मेदाँ या गावातलं घर पश्चिम रेल्वे कंपनीच्या मार्गाला लागूनच होतं. कंपनीतल्या एका अधिकाऱ्याकडून त्याने कामाची पद्धत समजून घेतली आणि १५ एप्रिल १८८९ रोजी पॅरिसहून मांतपर्यंत इंजिनावर उभं राहून प्रवास केला. गाड्यांची रचना कथानकाला कामी येते. त्या काळी डब्यांना आतून ये-जा करायची वाट नसे. प्रत्येक कप्प्याला बाहेर उघडणारं दार, आणि गाडी सुटली की आतली माणसं पुढच्या स्टेशनापर्यंत कोंडलेली. फ्रान्समध्ये १८६०मध्ये प्वँसो नावाच्या न्यायाधीशाचा आणि १८८६मध्ये बारेम नावाच्या प्रीफेक्टचा (जिल्ह्याच्या सरकारी प्रमुखाचा) खून असाच धावत्या गाडीत झाला होता. कादंबरीत ल आव्रचा उप-स्टेशनमास्तर रुबो धावत्या एक्स्प्रेसमध्ये ग्राँमोरँ या बड्या न्यायाधीशाचा गळा चिरतो आणि बायकोसह डब्याबाहेरच्या पायरीवरून सरकत आपल्या कप्प्यात परततो.

कारण मत्सर. बायको सेवरीन बोलता बोलता एका अंगठीबद्दल चुकून खरं बोलून जाते आणि रुबोला कळतं, की तिच्या पालकाच्या जागी असलेल्या या न्यायाधीशाने ती अल्लड मुलगी असताना तिला नासवलं होतं. तो तिला बेदम मारतो आणि न्यायाधीशाला गाठण्यासाठी तिच्याकडूनच चिठ्ठी लिहून घेतो. ती चिठ्ठी आणि तिनेच भेट दिलेला चाकू, दोन्ही पुढे लागणार आहेत.

मत्सराचं पुढे काय होतं, हे झोलाचं या पुस्तकातलं सर्वांत तल्लख निरीक्षण. खून झाला की रुबोचा मत्सर जळून खाक होतो. प्रेताच्या खिशातून आणलेले दहा हजार फ्रँक जमिनीच्या फळीखाली पुरलेले असतात. त्यांना कधीच हात लावायचा नाही असं ठरलेलं. मग जुगाराचं देणं भागवायला तो थोडे काढतो, मग आणखी. बायकोचे जाकशी संबंध जुळलेत हे त्याला ठाऊक होतं आणि तो खांदे उडवतो. ज्याच्यासाठी एक माणूस मारला त्याची किंमत आता पत्त्यांच्या डावापेक्षा कमी. खून करून आवेग शांत होत नाही, आवेगाचा धनीच रिकामा होतो. कथानकाच्या धावपळीत ही पानं नजरेतून निसटतात.

जाकचं दुखणं वेगळं. स्त्रीची ओढ वाटली की त्याला तिला मारावंसं वाटतं. तो स्वतःला ओळखून आहे म्हणून बायकांपासून पळतो आणि सगळा जीव 'लिझाँ' नावाच्या इंजिनावर टाकतो. ती फार वंगण पिते एवढीच तिची खोड. इंजिनावर असताना त्याला बरं वाटतं. रुबोने केलेला खून त्याने रुळांशेजारून, गाडी समोरून जाताना निमिषभर पाहिलेला असतो. सेवरीन त्याला गप्प ठेवण्यासाठी जवळ करते आणि खरोखर त्याच्यात गुंतते. काही काळ वाटतं, तो बरा झाला. मग एका रात्री ती त्या खुनाची हकिगत बारकाव्यांसह सांगते आणि त्याची जुनी ऊर्मी जागी होते. रुबोला मारायचं ठरवून दोघं दबा धरून बसलेले असताना तो त्याच चाकूने मारतो ते सेवरीनलाच.

आणखी तीन आवेग या भोवती फिरतात. फ्लोर ही रुळांवरच वाढलेली दांडगी मुलगी जाक आणि सेवरीन यांना मारायला दगडांनी भरलेला गाडा रुळांवर अडकवते. गाडी घसरते, भलतीच माणसं मरतात, हे दोघं वाचतात, आणि ती बोगद्यात शिरून येणाऱ्या इंजिनाला सामोरी जाते. मिझार हा रेल्वेचा पहारेकरी बायकोला महिनोन्‌महिने थोडं थोडं विष घालतो, तिने लपवलेल्या हजार फ्रँकांसाठी. ती मरते, पैसे सापडत नाहीत, तो खणत राहतो. आणि इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन पेको: बाईवरून जाकशी त्याची धावत्या इंजिनावर झोंबाझोंबी होते, दोघं खाली पडून चिरडले जातात. मागे डब्यांत १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धावर निघालेले, दारू पिऊन गाणी म्हणणारे सैनिक. ड्रायव्हर नसलेली गाडी तशीच पुढे धावते.

या सगळ्यांत मला मिझार सर्वांत भयानक वाटतो. तो तापत नाही, ओरडत नाही, सिग्नल वेळेवर देतो.

चेहरे, न्यायाधीश आणि बाईचा प्रश्न

इटलीतल्या लोंब्रोझोचं गुन्हेगाराच्या शरीरलक्षणांवरचं पुस्तक १८७६चं. त्याची छाया चेहऱ्यांच्या वर्णनांवर दिसते: जाक देखणा, पण जबडा जास्तच भक्कम, रुबोच्या भुवया जुळलेल्या, मत्सरी माणसाची खूण म्हणून. पण सगळ्यांत 'खुनी' दिसतो तो काब्यूश, खाणीत काम करणारा, प्रचंड पंजांचा, पूर्वी तुरुंगात जाऊन आलेला. तो निर्दोष आहे. शास्त्रावर विश्वास ठेवणाऱ्या लेखकाच्या हातून शास्त्राची अशी फजिती होते तेव्हा थांबून पाहावं.

याहून मोठी फजिती तपास न्यायाधीश दनिझे याची. हा हुशार आहे, मानसशास्त्र जाणतो, कारणांची साखळी बिनतोड जुळवतो. सेवरीनच्या खुनानंतर तो सिद्ध करतो, की काब्यूशने रुबोच्या सांगण्यावरून तिला मारलं. रुबो पहिल्या खुनाचं खरं कारण, मत्सर, कबूल करतो. दनिझेला ते पटत नाही, कारण त्याच्या साखळीत ते बसत नाही. दोघांना जन्मठेपेची सक्तमजुरी होते. सेवरीनने लिहिलेली मूळ चिठ्ठी एका सरकारी अधिकाऱ्याच्या खणात असते. ग्राँमोरँची लफडी बाहेर आली तर सरकारची नाचक्की होईल म्हणून तो ती जाळून टाकतो. प्रत्येक कृत्यामागे कारण शोधणाऱ्या झोलानेच कारणांची निर्दोष साखळी सपशेल खोटी ठरवली आहे. त्याच्या लेखापेक्षा त्याची कादंबरी शहाणी आहे, ती अशा ठिकाणी.

आजच्या वाचकाला टोचते ती एक बाब पुस्तकात पुरेशी बोलली जात नाही. जाकला आजार आहे, रुबोला मत्सर आहे, प्रत्येक पुरुषाला काही तरी निदान मिळतं, आणि मरतात बहुतेक बायका. निदान मिळालं की गुन्ह्याची जबाबदारी पूर्वजांच्या दारूवर ढकलता येते. झोला हे करतो, आणि एवढ्यावरून वाचक रागावला तर राग रास्त आहे. मात्र ग्राँमोरँकडे दुर्लक्ष करू नये. या न्यायाधीशाच्या हातून सेवरीन नासवली गेली आणि लुइझेत नावाची कोवळी पोर जिवाला मुकली. ती काब्यूशच्या झोपडीत मरते. ग्राँमोरँच्या वासनेला कुणी आनुवंशिक रोग म्हणत नाही. ती हुद्द्याखाली झाकली जाते आणि झाकण धरायला सरकार हजर असतं.

वाचायचं कसं

आधी 'तेरेज राकँ'. छोटी आहे, पात्रं मोजकी आहेत. प्रस्तावना शेवटी वाचा, नाहीतर झोला सांगतो तेवढंच दिसत राहतं. वाचताना प्रत्येक वस्तू पहिल्यांदा कुठे आली हे समासात टिपत गेलात तर फायदा होतो: तसबीर, मांजर, मेणकापड, कॉलर. 'ला बेत युमेन'मध्ये हेच चाकू, अंगठी, चिठ्ठी आणि फळीखालचे पैसे यांच्याबाबत करा. त्यात १२ लांबलचक प्रकरणं आहेत. एका बैठकीत एक पुरे. सुरुवातीलाच स्टेशनांचा क्रम कागदावर लिहून ठेवा: पॅरिसचं सँ-लाझार, मग मांत, रुआँ, बारांतँ, ल आव्र. पहिल्या खुनाच्या वेळा त्याशिवाय कळत नाहीत.

सिनेमे पाहायचे असतील तर पुस्तकांनंतर. मार्सेल कार्ने यांनी १९५३मध्ये 'तेरेज राकँ'वर चित्रपट केला, त्यात नवऱ्याला गाडीतून ढकलतात आणि ते पाहिलेला एक खलाशी दोघांकडे पैसे मागत येतो. पडद्यावर ताण टिकवायला बाहेरून कुणी तरी आणावा लागला. झोलाने ते काम मानेवरच्या व्रणावर भागवलं होतं. ज्याँ रन्वार यांच्या १९३८च्या 'ला बेत युमेन'मध्ये ज्याँ गाबँ ड्रायव्हर आहे आणि इंजिनावरची दृश्यं खास आहेत, पण बेवारस धावणाऱ्या सैनिकांच्या गाडीचा शेवट त्यात नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना झोला इंग्रजीतूनच गाठावा लागतो, आणि तिथे फसगत होते. लंडनमध्ये झोला छापणाऱ्या हेन्री विझेटेली या प्रकाशकाला अश्लीलतेच्या खटल्यात १८८८मध्ये १०० पौंड दंड आणि १८८९मध्ये तीन महिने तुरुंगवास झाला. त्यामुळे पुढची बरीच जुनी भाषांतरं हात आखडून केलेली आहेत. इंटरनेटवर फुकट मिळतात ती बहुधा हीच. 'ला बेत युमेन' तिथे 'द मोनोमॅनियॅक' या नावाने सापडते. 'तेरेज राकँ'साठी पेंग्विनचं रॉबिन बस यांचं आणि 'ला बेत युमेन'साठी ऑक्सफर्डचं रॉजर पिअरसन यांचं भाषांतर घ्यावं. दुकानात प्रत चाळताना दोन गोष्टी बघा: १८६८ची प्रस्तावना आहे का, आणि शवागाराचं प्रकरण दोन-तीन परिच्छेदांत गुंडाळलेलं तर नाही ना.